गो-कार्ट : एका छंदाचा अभ्यास
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिन, साखळी आणि ब्रेक यांवर लेख लिहावा, हे आमच्या काही प्राध्यापकांना गमतीचे वाटेल. संपादक मंडळातील एका मित्राने तर, "निदान शेवटी एखादी कविता तरी जोड," असा सल्ला दिला. कविता मला जमत नाही. पण गेली तीन वर्षे ज्या छंदाने मला पछाडले आहे, त्याने मला काय शिकवले आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, हे मात्र सांगता येईल.

गो-कार्ट म्हणजे जमिनीला जवळजवळ टेकून चालणारी चार चाकांची उघडी गाडी. लोखंडी नळ्यांची चौकट, एक बैठक, मागे छोटे इंजिन आणि पुढे सुकाणू. तिला छप्पर नाही, दारे नाहीत. स्प्रिंगा किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बरही नाहीत. आपल्याकडची मुले गॅरेजमधून जुनी बेअरिंगे मागून आणतात, ती फळीला ठोकतात आणि उतारावरून खडखडाट करीत जातात. ती बेअरिंगची गाडी हे गो-कार्टचे बिनइंजिनाचे भावंडच. माझीही सुरुवात तिच्यापासूनच झाली.

इंजिनाच्या गो-कार्टचा जन्म १९५६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे झाला. आर्ट इंगेल्स नावाचा कारागीर तेथे कर्टिस क्राफ्ट या शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यात काम करीत असे. या कारखान्याच्या मोटारींनी त्या काळी इंडियानापोलिसची ५०० मैलांची प्रसिद्ध शर्यत अनेकदा जिंकली होती. दिवसा मोठ्या मोटारी बांधणाऱ्या या माणसाने फावल्या वेळात, लू बोरेली या मित्राच्या मदतीने, नळ्या जोडून एक बुटकी गाडी केली. तिला गवत कापण्याच्या यंत्राचे सुमारे अडीच अश्वशक्तीचे इंजिन बसवले. पॅसाडेना येथील रोझ बोल क्रीडांगणाच्या वाहनतळावर ती धावू लागली, तेव्हा भोवती गर्दी जमली. दोन-तीन वर्षांत अशा गाड्या बनवणारे कारखानेही निघाले. म्हणजे या खेळाचे मूळ घरच्या खटपटीत आहे, हे विसरून चालत नाही.

आमच्या कोल्हापुरात अशा खटपटीला पोषक वातावरण आहे. शिवाजी उद्यमनगरात फेरफटका मारला, की लेथवाला, वेल्डिंगवाला, बेअरिंगवाला असे सारे हाकेच्या अंतरावर भेटतात. २०२२ च्या उन्हाळी सुट्टीत भंगारातून पाण्याच्या पंपाचे एक जुने पेट्रोल इंजिन मिळाले. ते मिनिटाला ३६०० फेरे घेणारे होते. चौकोनी नळ्या कापून मी चौकट केली. जोडकाम एका वयस्क मिस्त्रींनी केले. ते मला "पोरा" म्हणत, मी त्यांना "मामा" म्हणे. पैसे त्यांनी निम्मेच घेतले, पण प्रश्न मात्र दुप्पट विचारले.

पहिला धडा चौकटीने दिला. ती मजबूत व्हावी म्हणून मी तीत दोन तिरप्या नळ्या जास्त घातल्या. गाडी सरळ उत्तम चाले, पण वळणावर सुकाणू फिरवूनही सरळच रेटत जाई. याचे कारण मागच्या आसात होते. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर वेगवेगळी फिरतात. कार्टमध्ये मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसाला घट्ट बसवलेली असतात. मोटारीतल्यासारखे डिफरन्शियल तेथे नसते. आता मागच्या चाकांत एक मीटर अंतर असेल, तर काटकोनी वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा सुमारे १.५७ मीटर जास्त अंतर जावे लागते. दोन्ही चाके मात्र सारखेच फेरे घेतात. मग एकाने घसटलेच पाहिजे.

कार्ट बांधणाऱ्यांनी यावर सुंदर तोड काढली आहे. पुढची चाके ज्या उभ्या खिळ्यांभोवती वळतात, ते खिळे ते मुद्दाम तिरपे बसवतात. त्यामुळे सुकाणू वळवले, की पुढचे आतले चाक खाली दाबले जाते, चौकट किंचित पिळवटते आणि मागचे आतले चाक क्षणभर जमिनीवरून हलके होते. गाडी वळते ती अशी! चौकटीची लवचीकता हीच कार्टची स्प्रिंग असते. मी मात्र मजबुतीच्या नादाने नेमकी तीच काढून टाकली होती. दोन्ही तिरप्या नळ्या कापून टाकल्यावर गाडी वळू लागली.

पुढच्या चाकांचे गणितही असेच रंजक आहे. वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवे, कारण त्याचे वर्तुळ लहान असते. या रचनेला अकरमनचे नाव आहे. म्युनिकच्या लँकेन्सपर्गर या गाडी बांधणाऱ्याने ती घोडागाड्यांसाठी शोधली आणि रुडॉल्फ अकरमन याने १८१८ साली इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. हा अकरमन लंडनमध्ये चित्रे आणि सचित्र पुस्तके प्रसिद्ध करणारा प्रकाशक होता! कला आणि यंत्र यांच्यात आपण जी भिंत बांधली आहे, ती त्याला बहुधा ठाऊक नसावी.

आता ज्या बदलासाठी हा लेख लिहिला, त्याकडे वळतो. इंजिनाकडे १२ दात्यांचे आणि आसाकडे ६० दात्यांचे स्प्रॉकेट होते. म्हणजे इंजिनाचे पाच फेरे झाले, की आसाचा एक. ३६०० फेऱ्यांचे आसावर ७२० झाले. चाकाचा व्यास २८ सेंटिमीटर, म्हणून परीघ ८८ सेंटिमीटर. हिशेब केला, तर वेग ताशी सुमारे ३८ किलोमीटर येतो. ब्रेक आसावरच्या ड्रमला आवळणाऱ्या पट्ट्याचा होता. या वेगात ब्रेक दाबल्यावर गाडी १९ मीटरांत थांबते, हे आम्ही फक्कीच्या रेघा मारून मोजले होते. एका कारखान्याचे काँक्रीटचे आवार रविवारी आम्हांला मिळत असे. तेथे भिंतीपासून २५ मीटरांवर एक जाड रेघ मारली. तेथे आले, की ब्रेक दाबायचा, हा नियम ठरला.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मला ३८ चा वेग कमी वाटू लागला. आसावर ६० ऐवजी ४८ दात्यांचे स्प्रॉकेट चढवले. प्रमाण चारास एक झाले आणि वेग ताशी साडेसत्तेचाळीसपर्यंत गेला. गाडी सुटताना क्लचमधून जळका वास येऊ लागला, कारण त्याच्यावर ताण वाढला होता. मी त्याकडे दुर्लक्ष केले. ब्रेक तोच ठेवला. भिंतीजवळची रेघही तीच राहिली.

त्या रविवारी सुकाणूवर माझा धाकटा भाऊ बसला होता. त्याने कोणतीही चूक केली नाही. रेघेवर येताच त्याने इमानाने ब्रेक दाबला. गाडी भिंतीवर आदळली. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले, पण उजवे मनगट मोडले. दहावीच्या परीक्षेला चार महिने उरले होते आणि उजव्या हाताला प्लास्टर!

मिस्त्रीमामांना हे कळले, तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पळायचं बघितलंस पोरा, थांबायचं कुठं बघितलंस?" बाबांनी गाडीला कुलूप घातले आणि मला म्हणाले, "गाडीचं नंतर बघू. आधी नेमकं काय चुकलं, ते कागदावर लिहून दाखव." आजचा लेख हा त्या कागदाचाच विस्तार आहे.

कागदावर जे उतरले ते असे. वेग सव्वापट झाला, तर थांबण्याचे अंतर सव्वापट होत नाही. ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सव्वाचा वर्ग १.५६ होतो. म्हणून १९ मीटरांचे जवळजवळ ३० मीटर झाले आणि भिंत होती २५ वर. ब्रेक लागलेला असूनही, आदळताना गाडीचा वेग ताशी १८-१९ किलोमीटर असणार. शाळेत हे सूत्र मी पाठ केले होते, त्यावर गुणही मिळवले होते. पण स्प्रॉकेट बदलताना ते आठवले नाही. भावाचे मनगट मोडले ते माझ्या त्या विसरण्यामुळे.

जर्मनीचा प्रसिद्ध चालक मायकेल शूमाकर चार वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी त्याच्या पायडलच्या कार्टला छोटे इंजिन बसवून दिले होते. ती घेऊन तो केर्पेन गावात दिव्याच्या खांबावर आदळला. आईवडिलांनी त्याची कार्ट मोडीत काढली नाही; ते त्याला कार्टिंगच्या खऱ्या मैदानावर घेऊन गेले. हे मी बाबांना सांगितले, तेव्हा ते हसले, पण कुलूप लगेच काढले नाही. भावाचे प्लास्टर निघेपर्यंत ते तसेच राहिले. रोज संध्याकाळी तो तोंडी उत्तरे सांगे आणि मी ती त्याच्या वहीत लिहीत असे. परीक्षेपूर्वी हात सुटला आणि पेपर त्याने स्वतःच्या हाताने लिहिले.

त्यानंतर गाडीला जुन्या मोटारसायकलीचा डिस्क ब्रेक बसवला आणि ६० दात्यांचे स्प्रॉकेट परत चढवले. आता ३८ च्या वेगात ती १४ मीटरांत थांबते. भिंतीजवळची रेघ आम्ही ४० मीटरांवर नेली आहे. साखळीवर पत्र्याचे झाकण आहे आणि इंजिन बंद करण्याचे बटण चालकाच्या हाताशी आहे. ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही, हेही मी येथे स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार नोंदणी नसलेले वाहन रस्त्यावर चालवता येत नाही, आणि इतक्या बुटक्या गाडीकडे ट्रकचालकाचे लक्षही जाणार नाही.

हा छंद कोणाला लागला, तर मी त्याला परावृत्त करणार नाही. फक्त एक वही ठेवावी. गाडीत कोणताही बदल करण्यापूर्वी तीत लिहावे, की या बदलामुळे दुसऱ्या कोणकोणत्या भागावर भार पडेल. चौकट आवळली तर वळणाचे काय, वेग वाढवला तर क्लचचे, ब्रेकचे आणि भिंतीजवळच्या रेघेचे काय? उत्तर लिहून होईपर्यंत पाना हाती घेऊ नये.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे, खाली तो हिशेब आहे आणि त्याखाली भावाने डाव्या हाताने केलेली वेडीवाकडी सही आहे. आता नवा बदल करायचा झाला, की वही आधी त्याच्यापुढे जाते. तो हिशेब तपासतो आणि मगच गाडीची किल्ली माझ्या हाती देतो.