अकोल्याची लहान डाळगिरणी

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ असते. कापूस बाजारासाठी पिकवावयाचा. तूर मात्र घरच्या वरणासाठीही हवी असते. परंतु शेतातून आलेली तूर तशीच शिजत घालून वरण होत नाही. तिचे टरफल निघाले पाहिजे आणि दाण्याच्या दोन पाकळ्या वेगळ्या झाल्या पाहिजेत. हे काम दिसते तितके सोपे नाही. टरफल व डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो, आणि तुरीत तो फार घट्ट असतो.

पूर्वी घरोघरच्या स्त्रिया तूर भिजवीत, उन्हात वाळवीत, जात्यावर भरडीत आणि सुपाने पाखडीत. श्रम पुष्कळ होत आणि दाण्याचा बराच भाग कणी व पीठ होऊन वाया जाई. पुढे अकोल्यास मोठ्या डाळगिरण्या निघाल्या. पण त्यांचे काम शेकडो पोत्यांचे. कोणा एकाच्या दोन पोत्यांची डाळ वेगळी काढून देणे त्यांना परवडणार कसे? म्हणून शेतकरी तूर विकी आणि तुरीचीच डाळ चढ्या भावाने दुकानातून आणी. घरी तूर असून डाळ विकतची, हा व्यवहार अजबच म्हणावयाचा!

२० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी जन्मलेले आणि पुढे केंद्र सरकारात कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव त्याला दिलेले आहे. या विद्यापीठातील अभियंत्यांनी डाळीचा हा प्रश्न हाती घेतला आणि 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' नावाचे लहान यंत्र तयार केले.

यंत्राच्या पोटात खरखरीत एमरीचा रूळ फिरतो. पहिल्या फेरीत तो टरफल काढीत नाही, त्याला नुसते ओरखडे पाडतो. मग दाण्यांना थोडे गोडेतेल चोळून ते मुरू देतात व तूर उन्हात वाळवितात. ओरखड्यांतून तेल आत शिरते आणि चिकट थराची पकड सुटू लागते. नंतर पाण्याचा हात देऊन तूर पुन्हा गिरणीत घातली की टरफल निघते व दाणा दुभंगतो. चाळण्या आणि वारा डाळ, कणी व फोलपाट निरनिराळे करतात. डाळचुनी गुरांपुढे जाते.

शास्त्राचा भाग एवढाच. परंतु यंत्र विकत घेणारा माणूस चिकट थराविषयी विचारीत नाही. तो तराजू पुढे करतो. तुरीत टरफलाचा वाटा शेकडा दहा ते पंधरा असतो. बाकीची सारी डाळ हाती यावी, ही त्याची अपेक्षा. समजा, एका क्विंटलामागे एका रीतीने ६५ किलो डाळ मिळाली व दुसऱ्या रीतीने ७५, तर तो दहा किलोंचा फरक घरच्या गृहिणीला लगेच कळतो. शिवाय तुरीचा हंगाम थोड्या महिन्यांचा. एरवी यंत्र रिकामे राहिले, तर त्याची किंमत वसूल कशी व्हावी? म्हणून हरभरा, मूग आणि उडीद यांचीही डाळ त्यावर करता येते, ही गोष्ट लहान दिसली तरी मोलाची आहे.

उपयुक्त यंत्रही लोकांच्या मनात सहजासहजी उतरत नाही. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास लोखंडी नांगर बनविले, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल, असे शेतकरी म्हणत. नांगर विकला जाईना. डाळीच्या बाबतीत ती भीती नव्हती, कारण आपल्याच पोत्यातील तूर गिरणीत जाताना आणि तिचीच डाळ बाहेर येताना घरधनी समोर उभा राहून पाहू शकतो.

विद्यापीठ शोध लावते. गावोगाव यंत्रे पुरविणे हे कारखान्यांचे काम. तशी ती बनू लागली आणि खेड्यांत पोहोचली. महिलांच्या बचतगटांनीही ती घेतली. आता शेजारीपाजारी पोती घेऊन येतात आणि दळणावळीचे पैसे देतात. मात्र तेल लावलेली तूर वाळवावयास ऊन लागते. आभाळ भरून आले की अंगणातील तूर गोळा करण्यासाठी सारे घर धावते, आणि गिरणीला दोन दिवस सुट्टी मिळते.