वजन तेच, पण कंबर किती?

‘वजन तेवढंच आहे, पोट जरा सुटलंय, पाळी गेली की व्हायचंच.’ बोरिवली असो की मुलुंड, पन्नाशीच्या आसपासच्या बायका दवाखान्यात हेच सांगतात. यातलं अर्धंच खरं आहे. इस्ट्रोजेन भरपूर असतं तेव्हा चरबी मुख्यतः मांड्या-नितंबांवर, कातडीखाली साठते आणि तिथे ती फारसा उपद्रव करत नाही. ते घटलं की चरबी पोटाच्या आत आणि यकृतात साचू लागते, स्नायू झिजतात, इन्सुलिनचा असर मंदावतो. झिजलेल्या स्नायूंची जागा चरबीने घेतली तर काट्याला फरक कळतच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली होती. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२. आपली भारतीयांची ठेवणच अशी, त्यात पाळीनंतर हार्मोनचं कवचही जातं. म्हणून टेप घ्या. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या किंवा पुरुषाची ९० च्या पुढे असेल, तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासून घ्या.

‘मग हार्मोनच्याच गोळ्या द्या,’ असं कुणी म्हणेल. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्या घेणाऱ्यांमध्ये मधुमेह थोडा कमी दिसला, हे खरं. पण रक्ताच्या गुठळ्या आणि पक्षाघातही वाढले. त्यामुळे अंगातून वाफा येण्याच्या त्रासावर त्या विचारपूर्वक देतात, साखरेसाठी नाही. मोबाइलवर पाहून मागवलेली ‘हार्मोन बॅलन्स’ चूर्णं तर घेऊच नका. त्यांत लपवलेलं स्टिरॉइड असेल तर साखर उलट चढेल. पुरुषांनो, पोटाच्या चरबीने टेस्टोस्टेरॉन घटतं आणि वजन उतरवलं की बरंचसं सुधारतं. जिममधल्या ओळखीवर टोचून घेतलेल्या इंजेक्शनने शुक्राणू बंद पडू शकतात. ‘लोकलची धावपळ होतेच की,’ हेही पुरेसं नाही. जेवणानंतरची साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायू, आणि त्यांना वजन पेलायला लावावं लागतं. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, आठवड्यातून दोनदा वजनं उचला, ताटात भाताइतकीच डाळ-उसळ घ्या. उशीर झालेला नाही, स्नायू साठीतही वाढतात.

मानेवर मखमली काळपटपणा, सारखी तहान, रात्री वारंवार लघवी, जननेंद्रियाला पुन्हापुन्हा खाज, यांतलं काहीही दिसलं तर महिना काढू नका. आणि पाळी थांबून वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळीनंतर चरबीतही इस्ट्रोजेन तयार होतं आणि लठ्ठपणात गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो.