देशोदेशींचीं घरगुती विद्युत्-यंत्रें

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांस त्यांच्या कन्येनें अमेरिकेहून पाणी तापविण्याची एक सुबक किटली पाठविली होती. घरीं चार मंडळी जमली, किटलींत कन्हानेचें पाणी भरलें, आणि दुकानांतून आणलेल्या जोडखुंटीच्या साहाय्यानें ती आपल्या येथील सॉकेटांत बसविली. बटन दाबतांच करपल्याचा वास सुटला, एक ठिणगी उडाली व घरांतील दिवे गेले. शेजाऱ्यांपैकीं एकानें लागलाच निकाल दिला कीं, परदेशी माल दिसण्यापुरताच असतो. आम्हीं किटली उलटी करून तळ पाहिला. तेथें स्पष्ट छापलें होतें : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १००० वॅट. किटलीनें आपलें नांव, गांव व कुल अगोदरच सांगून ठेविलें होतें. वाचलें मात्र कोणीं नव्हतें.

आतां येथें घडलें काय तें पाहूं. नळांतील पाण्यास जसा जोर असतो तसा विजेलाही असतो. त्या जोरास दाब म्हणतात व तो व्होल्टमध्यें मोजतात. आपल्या देशांत घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट, अमेरिकेंत १२०. शंभर-शंभर वॅटच्या दहा दिव्यांइतकी शक्ति १२० व्होल्टांवर मिळविण्यास त्या किटलींतील तारेचा विरोध १४.४ ओहम ठेवलेला असतो. तीच तार २३० व्होल्टांस जोडली कीं तींतून सुमारें १६ अँपिअर प्रवाह धांवतो, आणि उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें १००० वॅटांचे जवळजवळ ३७०० वॅट होतात. दुप्पट दाब म्हणजे दुप्पट उष्णता अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. उलट आपली १००० वॅटची इस्तरी अमेरिकेंत नेली तर ती पावशक्तीनें चालेल. जळणार नाहीं, पण कपड्याची सुरकुतीही मोडणार नाहीं.

हा भेद कोठून आला? एडिसननें १८८२ सालीं न्यूयॉर्क शहरांत विजेचें केंद्र सुरू केलें, तेव्हां त्याच्या दिव्यांतील कोळशाच्या तंतूस सुमारें ११० व्होल्ट मानवत असत. अमेरिकेची सारी मांडणी त्याच आंकड्याभोंवतीं वाढली. युरोपांत पुढें दिवे सुधारले, तेव्हां दाब दुप्पट केल्यास तितक्याच शक्तीस निम्मा प्रवाह पुरतो व तांब्याची मोठी बचत होते हें लक्षांत घेऊन त्यांनीं २२० च्या आसपासचा दाब पत्करला. आपण इंग्रजांच्या मागोमाग गेलों. म्हणून इंग्लंडांत ३००० वॅटची किटली एक लिटर पाणी पावणेदोन मिनिटांत उकळते, तर अमेरिकेंतील १५०० वॅटच्या किटलीस साडेतीन मिनिटें लागतात. अमेरिकेंतील मोठ्या चुलींस व कपडे वाळविण्याच्या यंत्रांस मात्र दोन तारा एकत्र घेऊन २४० व्होल्ट देतात, हेंही ध्यानांत असावें.

जपानची गोष्ट याहून मौजेची आहे. तेथें दाब १०० व्होल्ट. पण टोकियोनें पूर्वीं जर्मनीचीं यंत्रें घेतलीं तीं ५० हर्ट्झचीं, आणि ओसाकानें अमेरिकेचीं घेतलीं तीं ६० हर्ट्झचीं. त्यामुळें एकाच देशाचे विजेच्या बाबतींत आजही दोन तुकडे आहेत. मार्च २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे वीज अपुरी पडली, तेव्हां पश्चिमेस शिलकी असूनही ती फारच थोडी पाठवितां आली. दाब बदलणारा रोहित्र बाजारांत मिळतो, परंतु तो हर्ट्झ बदलीत नाहीं. विजेच्या कंपनांवर चालणारें अमेरिकन घड्याळ आपल्याकडे रोहित्र लावून चालविलें तरी तें दर तासास दहा मिनिटें मागें पडेल.

आतां खुंटीकडे, म्हणजे प्लगकडे, वळूं. आपला तीन गोल पिनांचा प्लग मूळचा ब्रिटिश. इंग्रजांनीं १९४७ सालीं स्वतःसाठीं चौकोनी पिनांचा, आंत फ्यूज असलेला नवा प्लग ठरविला. सिंगापूर, मलेशिया व हाँगकाँग यांनीं तो उचलला; त्याच सालीं स्वतंत्र झालेल्या आपल्या देशांत जुना गोल पिनांचाच राहिला. गोल असो कीं चौकोनी, तिसरी पिन इतर दोहोंपेक्षां लांब असते, व तें उगाच नाहीं. ती सर्वांआधीं सॉकेटास भिडते आणि सर्वांनंतर सुटते. इंग्लंडच्या सॉकेटांत तर तीच आंत शिरून इतर दोन छिद्रांवरील पडदे उघडते.

या तिसऱ्या पिनेचें महत्त्व खाप्यास जितकें आहे तितकें लंडनासही नसेल. आपल्या घरोघरीं उन्हाळ्यांत पत्र्याचा कूलर असतो. पत्रा, पाणी आणि वीज हीं तिन्ही एकाच पेटींत नांदतात. पंपाच्या तारेचें आवरण कुजून ती पत्र्यास टेंकली कीं सारी पेटी विजेनें भारली जाते. तिसरी पिन खऱ्याखुऱ्या भूमितारेस जोडलेली असेल तर प्रवाह त्या वाटेनें जोरानें वाहतो व फ्यूज उडतो. ती वाट नसेल, तर ओल्या पायांनीं उभा असलेला मनुष्यच वाट होतो. विदर्भांत जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यांत असे मृत्यु होतात, आणि त्यांत मुलेंही असतात. कित्येक जण ती लांब पिन बसत नाहीं म्हणून मोडून टाकतात. कित्येक घरीं सॉकेटास तिसरें छिद्र असतें, मागें तार मात्र नसते. वायरमनकडून हें तपासून घ्यावें, आणि ३० मिलिअँपिअर प्रवाह गळतांच वीज तोडणारी कळ मुख्य फळ्यावर बसवावी. कूलरांत पाणी भरण्यापूर्वीं नुसतें बटन बंद करून भागत नाहीं. प्लग उपसून हातावेगळा ठेवावा.

कूलरावरून आणखी एक गोष्ट सुचते. यंत्रांचा भेद केवळ सरहद्दींनीं ठरत नाहीं. एक लिटर पाण्याची वाफ होतांना तें हवेंतून सुमारें २४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतें. पण हवा आधींच दमट असेल तर वाफच होत नाहीं. म्हणून वैशाखांत खाप्यास अमृतासारखा वाटणारा कूलर मुंबईस निरुपयोगी, आणि हजारों मैल दूरच्या कोरड्या अॅरिझोनांत मात्र १९३० च्या दशकापासून तोच वापरांत आला. हवेच्या नात्यानें मुंबईपेक्षां अॅरिझोनाच आपल्या जवळचा.

स्वयंपाकघराचें तसेंच. परदेशी मिक्सर फळांचा रस व सूप यांसाठीं घडविलेला. त्यांत भिजविलेली डाळ, सुकें खोबरें, हळकुंडें पडलीं कीं त्याचा दम संपतो. १९६० च्या दशकांत मुंबईंतील अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन मिक्सर असाच जळाला व येथें दुरुस्त होईना, तेव्हां त्यांनीं आपल्या वाटणास पुरेल असें बळकट यंत्र स्वतःच बनविलें. तें म्हणजे ‘सुमीत’. पुढें परदेशीं गेलेल्या आपल्या लोकांसाठीं ११० व्होल्टचे भारतीय मिक्सरही निघाले. मिक्सरची मोटर ५० कीं ६० हर्ट्झ याची फारशी पर्वा करीत नाहीं. दाब तेवढा जुळला म्हणजे झालें.

आमच्या त्या गृहस्थांनीं जळकी किटली फेंकली नाहीं; तींत तुळस लावली आहे. परवां कन्येकडे पाठविण्यासाठीं ते नागपुरास मिक्सर घेण्यास गेले, तेव्हां दुकानदार रंग दाखवीत असतां त्यांनीं प्रथम यंत्र उलटें केलें आणि खिशांतून चष्मा काढला.