तिथी आणि तांडेल

पुणे, कार्तिक शुद्ध पंचमी

चि. बाळ यास,

तुझे पत्र पोहोचले. खडकवासल्याच्या काठी माझ्या शेजारी बसून गळाला कणकेची गोळी लावणारा तू आता जिगिंग-पॉपिंगच्या सरंजामानिशी समुद्रातील मोठ्या माशांशी झुंजू इच्छितोस, आणि अंदमान, मालदीव, ओमान यांपैकी कोणता मुलूख निवडावा असे मला विचारतोस, याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु तुझ्या पत्रात माशांच्या वजनांचा तपशील भरपूर असून महिना, तिथी आणि तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, यांचा एका ओळीनेही उल्लेख नाही. म्हणून हा मजकूर सविस्तर लिहीत आहे.

पॉपिंग म्हणजे खोलगट तोंडाचे आमिष पाण्याच्या पृष्ठभागावर खळबळ उडवीत ओढणे, आणि जिगिंग म्हणजे शिशाचा चकचकीत तुकडा तळापर्यंत सोडून झटक्याझटक्याने वर आणणे, एवढे तुला ठाऊक आहेच. पण या दोन विद्यांना एकच पाणी मानवत नाही. आपल्याकडे ज्याला कोकर म्हणतात त्याच कुळातला, ज्याचा एक मासा जपानच्या तोकारा बेटांपाशी 2006 साली 72.8 किलो भरला, तो जायंट ट्रेव्हली खडपाच्या कडेवर पाण्याची ओढ असते तेव्हा विशेषकरून भक्ष्यावर तुटून पडतो. उलट खोल पाण्यात ओढ अतोनात वाढली की जिग तळाला टेकतच नाही, तिरका वाहत जातो. म्हणून पॉपिंगला अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाण आणि जिगिंगला भांगाकडे, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरती-ओहोटीकडे, झुकलेले दिवस बरे. कोकणातला तांडेल तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, असे हे स्थूल गणित आपल्या किनाऱ्यापुरते खरे आहे. अंदमानात ते चालवू नकोस, तेथील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहा.

हे मी किंमत देऊन शिकलो. तरुणपणी देवगडच्या खडपांजवळ ऐन पौर्णिमेला जिगिंगचा हट्ट धरला. ओढ फार आहे, होडी खडपावर ढकलली जाते, चार दिवसांनी या, असे तांडेलाने दोनदा बजावले होते. मी शिल्लक रजेचा हिशेब पुढे केला. मासा लागला, रीळ ओरडू लागले, मी ब्रेक आवळला आणि चार श्वासांत हातातले वजन नाहीसे झाले. वर आलेले दोरीचे टोक पिंजलेल्या कापसासारखे फुलले होते. तो मासा तोंडात लोखंडी गळ आणि मागे कित्येक हात दोरी घेऊन खडपात गेला, ही टोचणी आजही माझ्या मनात आहे. तेव्हापासून प्रत्येक फेकीपूर्वी दोरीचे शेवटचे काही हात अंगठ्याच्या नखावरून ओढून चिरा तपासण्याचा परिपाठ मी मोडलेला नाही. तूही तो लावून घे.

तेव्हा माझा सल्ला असा की, येत्या मार्गशीर्षात गगनबावड्यावरून मालवणास उतर आणि तेथे सुरमई, कोकर, कुपा यांवर दोन हंगाम हात बसव. तेथील सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. त्याची हद्द नकाशावर आखून घेतल्याविना गळ टाकू नकोस. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारा जो आंग्रिया बँक नावाचा पाण्याखालचा उंचवटा आहे, त्याचे वर्णन ऐकून मोह होईल. पण तेथे वादळात आडोसा नाही, धरायला किनारा नाही. लहान होडीने तेथे जाण्याचा मनसुबा रहित कर.

त्यानंतर अंदमान; मालदीव आणि ओमान त्याच्याही मागून. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे महिन्यात अंदमानात आपल्या आधी पोहोचतो आणि ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, म्हणून जानेवारी ते एप्रिलचा पूर्वार्ध हाच काळ धर. बॅरन बेटाच्या ज्वालामुखीभोवती किनाऱ्यालगतच पाणी एकदम खोल होते, म्हणून डॉगटूथ ट्यूनाच्या जिगिंगला ती जागा उत्तम. पण तेथवरचा प्रवास मोठा आहे, बोटीच्या इंजिनाची आणि बिनतारी यंत्राची खातरजमा स्वतः कर. उत्तर सेंटिनेलकडे फिरकण्यास सक्त मनाई आहे. राक्षसी गोबऱ्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. तो गळाला लागलाच तर पाण्यातच मोकळा करायचा.

सोडण्याबद्दल एक ताकीद. खोलवरचा गोबरा झपाट्याने वर आणला की त्याचा वाताशय फुगतो आणि सोडूनही तो तळाशी जाऊ शकत नाही, पोट वर करून तरंगत राहतो. असे दृश्य पुन्हा पाहण्याची माझी इच्छा नाही. जेथे गोबराच अधिक लागतो तेथे फार खोल जिग टाकू नकोस, आणि जो तांडेल मासा सोडायला कुरकुरतो त्याची बोट स्वस्त असली तरी ठरवू नकोस.

निघण्यापूर्वी तांडेलाचे नाव, परवान्याची नक्कल आणि परतीची तिथी मला कळव.

तुझा,
काका