उतारवयातील दांपत्य आणि परदेशची सेवा

(शास्त्रपाठ : उत्पत्ति १२:१-२०, २३:१-२०, प्रेषितांची कृत्ये १८:१-४ व १८-२८, रोमकरांस पत्र १६:३-५)

मुलांची लग्ने उरकून कामधंद्यातून मोकळ्या झालेल्या पतिपत्नींस ठराविक मुदतीसाठी परदेशी सेवेस पाठविण्याचा प्रघात आज काही ख्रिस्ती मंडळ्यांत आहे. अशी दांपत्ये बहुधा स्वखर्चाने जातात. कोणी दवाखान्यात हातभार लावितात, कोणी मुलांस शिकवितात, कोणी तेथील लहान मंडळीस धीर देतात. धारूरच्या आसपासच्या खेड्यांतील आमच्या वाचकांस हा विषय फार दूरचा वाटेल. तथापि पतिपत्नींनी मिळून घर सोडणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक आहे? बीड जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या जोडप्यास मुकादम ‘एक कोयता’ म्हणून मोजतो, आणि एकट्या माणसास ‘अर्धा कोयता’ म्हणतो. दोघे मिळून एक, ही गोष्ट शास्त्राने शिकविली आणि उसाच्या फडानेही शिकविली. तेव्हा हा पाठ आपण चार भागांत पाहू.

पहिला भाग : वय ही अडचण नव्हे. अब्राम हारान सोडून निघाला तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता, आणि साराय त्याहून दहा वर्षांनी लहान होती. देवाने तरुणासच बोलाविले असते, तर या घराण्याची कथा आरंभलीच नसती. आपल्या देशातही असे उदाहरण आहे. शार्लट टकर या इंग्रज लेखिका १८७५ साली चौपन्नाव्या वर्षी हिंदुस्थानात आल्या. त्या अविवाहित होत्या. मुलांसाठी पुस्तके लिहून त्यांनी पूर्वीच नाव मिळविले होते. तरी त्या वयात त्या नवी भाषा शिकावयास बसल्या, आणि पंजाबातील बटाला येथे १८९३ साली मरण येईपर्यंत राहिल्या. म्हातारपणी जीभ वळत नाही असे म्हणणाऱ्याने या बाईंचा विचार करावा.

दुसरा भाग : भयाचे ओझे एकट्या पत्नीवर पडू नये. अब्रामाची श्रद्धा थोर होती खरी. परंतु दुष्काळामुळे मिसरात जाताच त्यास जिवाची भीति वाटली, आणि त्याने सारायेस आपली बहीण म्हणवून घेण्यास सांगितले. संकट टाळण्याची युक्ति त्याची, आणि धोका मात्र तिच्या वाट्यास आला. शास्त्राने ही गोष्ट झाकून ठेविली नाही, ती आपल्या शिक्षणासाठीच. परक्या मुलखात भाषा येत नाही, दुखणे येते, नातवंडांची आठवण होते. अशा वेळी नवरा सभेत बोलावयास जातो आणि बायको चार भिंतींत एकटी राहते, असे होऊ नये. म्हणून निघण्यापूर्वीच दोघांनी एकमेकांस विचारावे. पतीस बोलावणे आले म्हणून पत्नीने मुकाट्याने मागे जाणे, याला आम्ही दांपत्याची सेवा म्हणत नाही.

तिसरा भाग : दोघांनाही काम असावे. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांचे वय शास्त्रात दिलेले नाही. पण परदेशी राहण्याची रीत त्यांच्याकडून शिकावी. अक्विल्ला जन्माने पंताचा. क्लौद्य बादशहाच्या हुकुमाने यहूद्यांस रोम सोडावे लागले, तेव्हा ही दोघे करिंथास आली. तंबू करणे हा त्यांचा धंदा. पौलही त्याच धंद्याचा म्हणून त्यांच्या घरी राहिला. पुढे ती इफिसास गेली. तेथे अपुल्लो नावाचा विद्वान वक्ता उपदेश करीत होता, पण त्याचे ज्ञान अपुरे होते. या दोघांनी त्यास चारचौघांत खोडून न काढिता आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजाविला. वडीलधाऱ्या माणसाचे खरे काम ते हेच. तरुण उपदेशकास खाली न पाडिता पुढे नेणे हे वयाने येणारे शहाणपण आहे.

आपल्या महाराष्ट्रात सुमंतराव करमरकर व डॉ. गुरुबाई करमरकर हे असेच दांपत्य होऊन गेले. दोघे तरुणपणी शिक्षणासाठी अमेरिकेस गेली. सुमंतरावांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला, आणि गुरुबाई १८९२ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. परत आल्यावर दोघांनीही मुंबईत अमेरिकन मराठी मिशनात सेवा केली. पतीच्या हाती वचन आणि पत्नीच्या हाती औषध. एकाचे काम दुसऱ्याच्या सावलीत झाकले गेले नाही.

चौथा भाग : पाहुण्याप्रमाणे राहावे. सारा कनानात वारली तेव्हा अब्राहामाने हेथींपुढे उभे राहून आपण परका व उपरा आहो असे कबूल केले. जमीन फुकट देऊ केली असताही त्याने एफ्रोनास चारशे शेकेल रुपे मोजून दिले, आणि मगच पत्नीस पुरले. त्या देशाचे वचन त्याला मिळालेले होते, तरी त्याने हक्क गाजविला नाही. जो परदेशी सेवेस जातो, त्याने तेथील मंडळीचा धनी होऊ नये. तेथील सरकारचा परवाना खरे कारण सांगून घ्यावा. आणि अन्न, औषध वा शिक्षण देताना धर्माचा सौदा करू नये. आपल्या शेजारच्या अहमदनगरास, आजच्या अहिल्यानगरास, हेन्री बॅलंटाइन साहेब १८३५ साली देश सोडून आले. त्यांनी येथील लोकांची भाषा आपली केली आणि मराठीत गीते रचिली. तीस वर्षांनी, १८६५ साली, मायदेशी परतत असता समुद्रावरच त्यांचा अंत झाला. शरीर थकण्यापूर्वी परतीचा विचार करावा, हेही या उदाहरणावरून ध्यानात धरावे.

आता सर्वांत कठीण प्रश्न. दिवाळीच्या सुमारास कोयते कारखान्यांकडे निघाले की गावात कोण उरते? म्हातारे आईबाप आणि शाळेत जाणारी नातवंडे. आजीआजोबाही सेवेस गेली, तर त्या लेकरांस भाकर कोण देईल, शाळेत कोण धाडील? मुकादमाची उचल फिटली नसेल, तर तिचा भार कोणावर पडेल? जो घरच्यांची तजवीज करीत नाही, त्याच्याविषयी पौलाने तीमथ्यास कठोर शब्द लिहिले आहेत. यास्तव आम्ही स्पष्ट सांगतो की, घर उघडे टाकून जाणे ही सेवा नव्हे. परंतु याचा दोष एकट्या दांपत्यावर ठेवू नये. मंडळीने त्यांस पाठवावयाचे असेल, तर त्यांची नातवंडे मंडळीने आपली म्हणून सांभाळिली पाहिजेत. प्रार्थना करून निरोप देणे सोपे आहे. सहा महिने दुसऱ्याच्या लेकरास आपल्या ताटाशी बसविणे कठीण आहे. पाठविणाऱ्या मंडळीची परीक्षा तेथेच होते.

आणि परदेश म्हणजे समुद्रापलीकडचाच मुलूख, असे समजू नये. आपले लोक कर्नाटकातील कारखान्यांवर कोप्या घालून राहतात. तेथली भाषा कानडी, पहाटेपासून आईबाप फडात, आणि लहान मुले कोपीपाशी. आपल्या टोळीबरोबर एखादे अनुभवी दांपत्य गेले, त्याने दिवसा लेकरे सांभाळिली, संध्याकाळी अक्षरे शिकविली, आजाऱ्यास दवाखान्यात नेले, तर ती सेवा परदेशसेवेहून उणी नाही. अशा सेवेसाठी विमान लागत नाही. दोघांचे एकमत आणि मागे राहिलेल्या मंडळीचा आधार लागतो.

उपदेशकबंधूंनी मंडळीत पुढील प्रश्न विचारावेत :

१. मिसरात अब्रामाने काय केले, आणि त्याचा धोका कोणास पत्करावा लागला?
२. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांनी अपुल्लोस कसे शिकविले? आपण तरुणांस तसे शिकवितो काय?
३. अब्राहामाने फुकटची जमीन का घेतली नसावी?
४. आपल्या मंडळीतून एखादे दांपत्य सेवेस निघाले, तर त्यांची नातवंडे कोणकोण सांभाळील? उत्तर देताना घरांची नावे घ्यावीत.