जखम घोट्यावर, दुखणं शिरेत

इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या पोटऱ्या कधी निरखून पाहा. पाळी बारा तासांची. मागांमधल्या अरुंद बोळात उभं राहायचं, कांडी संपली की धोट्यात नवी भरायची, तुटलेला धागा जोडायचा, चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. माझी उमेदीची वर्षं याच बोळात गेली. फुगलेल्या, वेड्यावाकड्या निळ्या शिरा इथे इतक्या जणांच्या पायांवर दिसतात की त्याला कुणी आजार म्हणतच नाही. ‘उभ्याचं काम आहे, शिरा येणारच,’ एवढ्यावर विषय संपतो. माझ्या पायात मात्र तो शिरांवर थांबला नाही, न भरणाऱ्या जखमेपर्यंत गेला. तो प्रवास सांगतो, कारण त्यातला प्रत्येक टप्पा ओळखता येतो आणि त्या त्या टप्प्यावर दुखणं रोखताही येतं.

सुरुवात जडपणाने झाली. पाळी संपताना पाय ओढावे लागायचे. घोट्याभोवती सूज यायची, मोज्याचा वळ खोल उमटायचा. रात्री पोटरीत गोळे यायचे. सकाळी उठल्यावर सगळं उतरलेलं असायचं. पुढे आतल्या घोट्याच्या वर खाज सुटली, तिथली त्वचा आधी तपकिरी, मग काळपट आणि कडक झाली. कुणी तिला नायटा म्हटलं, कुणी इसब. मलमं बदलत गेली. अशा पायाची त्वचा फार नाजूक होते आणि काही मलमांचंच तिला वावडं असतं, त्यामुळे खाज कमी होण्याऐवजी वाढली. एके दिवशी मागाची कड नेमकी त्याच जागी लागली. खरचटलं होतं थोडंसंच, पण तिथे जखम झाली आणि ती भरेना. साखर तपासली, ती ठीक निघाली. पट्ट्या झाल्या, गोळ्या झाल्या. जखम थोडी आक्रसायची आणि पुन्हा पसरायची.

शेवटी कोल्हापूरच्या एका सर्जनने जखमेवरची पट्टी सोडायच्या आधी म्हटलं, “मामा, उभे राहा बघू.” तोवर माझा पाय सगळ्यांनी मी बसलेला किंवा झोपलेला असतानाच पाहिला होता. झोपल्यावर या शिरा रिकाम्या होतात, दुखण्याचं मूळच डोळ्यांआड जातं. मग उभं करून पायाची कलर डॉपलर सोनोग्राफी झाली. पोटरी दाबून सोडली की रक्त वर जाऊन तिथेच राहायला हवं. ते अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं खाली वाहत असेल, तर शिरेतल्या झडपा निकामी झाल्या असं समजतात. माझ्या जांघेपासून आतल्या घोट्यापर्यंत उतरणाऱ्या मोठ्या शिरेत हेच चाललं होतं.

या आजाराची यंत्रणा एकदा समजली की उपचारही समजतो. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवायचं काम पोटरीचा स्नायू करतो, हातपंपासारखं. चालताना घोटा वाकला की पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं आणि झडपा त्याला परत येऊ देत नाहीत. निश्चल उभं असताना घोट्याजवळच्या शिरांमधला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. धडधाकट पायाने नीट चाललं की तो ३० च्या खाली येतो. झडपा गेल्या की चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. मग रक्तातलं पाणी आणि तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. सूज, काळपटपणा, इसब आणि जखम ही सगळी त्या एकाच दाबाची लक्षणं. म्हणून नुसत्या मलमाने ती बरी होत नाहीत. मागाच्या बोळातली तोकडी पावलंही पुरत नाहीत, कारण घोटा पुरता वाकतच नाही.

उपचाराचा पाया म्हणजे दाब देणारी पट्टी किंवा मोजे. जखम असेपर्यंत पावलापासून गुडघ्याखालपर्यंत थरांची पट्टी, नंतर मोजे. हे मोजे घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जातात. माप सकाळी, सूज नसताना घ्यावं. अंथरुणातून उतरण्याआधी घालावेत, रात्री काढावेत. कापड ढिलं पडलं की बदलावेत. पण एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे: ज्यांना मधुमेह आहे, जे विडी-सिगारेट ओढतात, ज्यांची पोटरी चालताना दुखते आणि थांबल्यावर शांत होते, त्यांनी आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून घ्यावा. पायाकडे येणारं रक्तच कमी असेल, तर घट्ट मोजा पाय गमावायला कारण होऊ शकतो.

दुसरा उपचार बिघडलेली शीर बंद करण्याचा. जागा बधिर करून लेझरने किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने ती आतून बंद करतात, रुग्ण त्याच दिवशी चालतो. काहींना फेसाचं इंजेक्शन देतात, काहींना शस्त्रक्रिया लागते. “शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?” हा प्रश्न मलाही छळत होता. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त आतल्या खोल शिरांतूनच वर जातं. त्या मोकळ्या आहेत ना, हे डॉपलरवर आधी पाहतात. ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची शीर लवकर बंद केली, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. ज्यांचा तो उपचार लांबवला, त्यांना तेवढ्यासाठी ८२ दिवस लागले. पट्टी दोन्हीकडे होती. माझी जखमही पट्टी आणि लेझर दोन्ही झाल्यावरच भरली. पुढे दुसऱ्या शिरा बिघडू शकतात, म्हणून मोजे आणि चालणं मी सोडलेलं नाही.

तीन गोष्टी मात्र प्रत्येक घरात माहीत हव्यात. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर तो तेलाने चोळू नका. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं, तर क्षणही दवडू नका. दुसरं, फुगलेली शीर फुटून रक्ताची धार लागली, तर माणसाला खुर्चीवर बसवू नका. आडवं झोपवा, पाय छातीपेक्षा उंच धरा आणि त्या जागी घट्ट दाबून ठेवा. धार थांबते. तिसरं, जखमेवर हळद, चुना, तंबाखू काहीही लावू नका.

उभ्याचं काम करणाऱ्यांनी, मग ते मागावर असोत, सलूनमध्ये, वर्गात किंवा चौकात, अधूनमधून टाचा उचलाव्यात, सुट्टीत सरळ पावलं टाकत चालावं, घरी गेल्यावर पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडावं. कारखानदारांनाही माझी विनंती आहे: मागाजवळ एक स्टूल ठेवा आणि पाळीत पाय मोकळे करायला वेळ द्या. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, कामगार विम्याचं कार्ड असेल तर तिथेही चौकशी करा.

आणि घोट्यावरची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर मलम बदलू नका. डॉक्टरांसमोर उभे राहा आणि पायाची डॉपलर तपासणी करायची का, हे स्वतः विचारा.