पिल्लू लंगडतंय, कॅल्शियम द्यावं का?

प्रश्न : आमचा ७ महिन्यांचा जर्मन शेफर्ड आधी पुढच्या डाव्या पायाने लंगडायचा, आता उजवा उचलून धरतो. कॅल्शियम वाढवू का?

उत्तर : नको. देत असाल तर आजच बंद करा. पिल्लांच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नीट अडवता येत नाही. मोठ्या जातींत त्याने हाडांची वाढच बिघडते. दुखणं पाय बदलतंय, म्हणून पहिला संशय पॅनोस्टिटिसचा. ५ ते १८ महिन्यांच्या वयात लांब हाडांत होणारा हा दाह बहुधा आपोआप शमतो. पण कोपराचा किंवा खुब्याचा सांधा सदोष असेल तर उशीर महागात पडतो, म्हणून एक्स-रे काढाच. ताप असल्यास गोचीडतापासाठी रक्ततपासणीही करा. तोवर जिने, उड्या बंद. आणि कळवळून घरातली आयब्रुफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका, कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.